सार्थकता स्तर ०.०५ : एका संकेताचा इतिहास

प्रास्ताविक : शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र वा वाणिज्य विषयातील प्रबंध उघडला की ‘प्राप्त टी मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आहे. म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो’ हे वाक्य हमखास आढळते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधात अकरा परिकल्पनांचे परीक्षण होते. त्यांपैकी दोन या स्तरावर सार्थक ठरल्या. मौखिक परीक्षेत ‘०.०५च का?’ असा प्रश्न आला, तेव्हा ‘कोष्टकात तोच स्तंभ असतो’ एवढेच उत्तर सुचले. ते अज्ञानातून आलेले असले तरी इतिहासाच्या दृष्टीने अगदीच चुकीचे नव्हते.

योगायोगाची शक्यता मोजून निष्कर्ष काढण्याची पद्धत जुनी आहे. १७१० मध्ये जॉन आर्बथनॉट यांनी लंडनमधील ८२ वर्षांच्या बाप्तिस्मा नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलग्यांची संख्या अधिक होती. हे केवळ योगायोगाने घडण्याची संभाव्यता इतकी नगण्य होती की त्यांनी त्याचे श्रेय ईश्वरी योजनेस दिले. तेथे सीमारेषेची गरजच नव्हती. ती भासू लागली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. एजवर्थ यांनी १८८५ मध्ये ‘सार्थक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला तो ‘काहीतरी सूचित करणारा’ इतक्याच अर्थाने. मराठीत मात्र ‘सार्थक’ म्हटले की कृतार्थतेची छटा येते, आणि निष्कर्ष आहे त्याहून वजनदार भासतो.

पुढे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातील गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहिला. त्या काळी फरक संभाव्य त्रुटीच्या तिप्पट असल्यास तो दखलपात्र मानण्याची रीत होती. ही तिप्पट म्हणजे सुमारे २.०२ प्रमाण विचलने. संभाव्यतेच्या भाषेत ०.०४३. म्हणजे फिशर येण्यापूर्वीच रेषा जवळपास आखलेली होती.

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी १.९६, म्हणजे जवळजवळ दोन प्रमाण विचलने, ही मर्यादा ‘सोयीची’ म्हणून स्वीकारली. महत्त्वाचा बदल कोष्टकांत झाला. एल्डर्टन यांच्या १९०२ च्या कोष्टकात काय-वर्गाच्या मूल्यावरून संभाव्यता वाचता येई. फिशर यांनी मांडणी उलटी करून ०.०५, ०.०२, ०.०१ अशा निवडक संभाव्यतांचे स्तंभ दिले. यंत्राविना आकडेमोड करणाऱ्या शेतकी संशोधकास हे वरदानच होते. परंतु नेमकी संभाव्यता नजरेआड झाली आणि स्तंभ तेवढा उरला. वस्तुतः १९२६ मध्ये फिशर यांनीच लिहिले होते की विसांत एक ही शक्यता पुरेशी कठोर वाटत नसल्यास पन्नासांत एक वा शंभरांत एक घ्यावी. आणि सुरचित प्रयोग पुनःपुन्हा तोच परिणाम देईल तेव्हाच तथ्य प्रस्थापित मानावे. पहिला भाग पाठ्यपुस्तकांत आला. दुसरा गळाला.

१९३३ मध्ये नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी निराळी चौकट मांडली. त्यांच्या मते स्तर प्रयोगापूर्वी ठरवायचा; तो म्हणजे सत्य परिकल्पना चुकीने नाकारण्याचे दीर्घकालीन प्रमाण. त्यासोबत दुसऱ्या प्रकारच्या त्रुटीचाही हिशेब हवा. फिशर यांना हे मान्य नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दोन्ही पक्ष एकाच इमारतीत होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे याच काळात तेथे संशोधन करून १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. १९५६ मध्ये फिशर यांनी स्पष्टच लिहिले की कोणताही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे, सर्व परिस्थितींत एकच स्तर वापरत नाही. आपली पाठ्यपुस्तके मात्र स्तर नेमन यांच्याप्रमाणे आधी ठरवतात आणि निकाल फिशर यांच्याप्रमाणे पुरावा म्हणून वाचतात. दुसऱ्या प्रकारच्या त्रुटीला एखादी व्याख्या पुरते.

अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ च्या निवेदनात केवळ या रेषेवर वैज्ञानिक निष्कर्ष आधारू नयेत असे बजावले. त्यानंतर ७२ संशोधकांनी नव्या शोधांसाठी ०.००५ हा स्तर सुचविला. म्हणजे रेषा राहिली, फक्त सरकली.

प्रस्तुत लेखकाने नंतर हिशेब केला. अकराही शून्य परिकल्पना खऱ्या असत्या आणि परीक्षणे परस्परस्वतंत्र मानली, तरी ०.०५ स्तरावर किमान एक ‘सार्थक’ निष्कर्ष हाती येण्याची संभाव्यता ४३ टक्के भरते. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातील सर्व शिफारशी त्या दोन निष्कर्षांवर उभ्या आहेत.