विंगर की लॉक?

आयटीत तिशी जवळ आली की धाकधूक सुरू होते. माझीही झालीय. म्हणून आज रग्बीची गोष्ट.

२००७चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेने जिंकला. विंगर ब्रायन हबाना तेव्हा २४ वर्षांचा. स्पर्धेत त्याने ८ ट्राय केले. विंगरचं भांडवल म्हणजे वेग, आणि वयाबरोबर आधी तोच उतरतो. हबानाची शेवटची टेस्ट ३३व्या वर्षी झाली.

त्याच संघातला उंचापुरा लॉक व्हिक्टर मॅटफिल्ड. त्याचं काम लाइनआउटचं: मैदानाबाहेरून फेकलेला चेंडू कुठे येणार हे ओळखून हवेतच पकडायचा. ही नजर अनुभवाने वाढते. २०११मध्ये तो निवृत्त झाला, २०१४मध्ये परतला आणि २०१५चा वर्ल्ड कप ३८व्या वर्षी खेळला.

मग वय किती, यापेक्षा आपण कुठल्या जागेवर खेळतोय, हे बघायला हवं ना?