इंदूरचे आपले आणि परके

होळकरांच्या इंदुरात मराठी भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदली. क्रिकेट तेथे पुष्कळ उशिरा आले, पण आले ते दरबारी थाटाने. १९२३ साली नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या पदरी रुजू झाले. पुढे त्यांच्या नावामागे ‘कर्नल’ ही पदवी कायमची चिकटली. १९४१-४२ पासून होळकर हे नाव लावून इंदूरचा संघ रणजी स्पर्धेत उतरू लागला आणि चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चार वेळा अजिंक्य ठरला.

या संघातील इंदूरचे असे किती? मुश्ताक अली इंदूरचेच. पण चंदू सरवटे जन्माने सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, आणि पुढे येऊन मिळालेले भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. ‘विकत घेतलेला संघ’ अशी कुजबुज करण्यास येथे पुरेपूर वाव होता.

सर्वांत परका गडी आला तो युद्धामुळे. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन, क्रिकेटइतकाच आर्सेनल संघाकडून फुटबॉलही गाजविणारा, त्या वेळी लष्करी नोकरीनिमित्त जवळच्या महूच्या छावणीत होता. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर होळकर संघाचा मुंबईशी अंतिम सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळण्याचा तो सामना. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. विजय मर्चंट यांच्या एका डावात २७८. होळकर संघापुढे ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, तरी ३७४ धावांनी हार पत्करावी लागली. शतकापुढील प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल करणारा एक धनिक व्यापारी नेमका त्या वेळी तातडीच्या कामासाठी परगावी निघून गेला, ही हकीकत कॉम्प्टननेच पुढे मोठ्या गमतीने सांगितली. दिलेल्या शब्दाची किंमत धावांगणिक वाढत गेली की असे व्हायचेच!

स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाने १९६७ साली लिस्बन येथे युरोपचा फुटबॉल चषक जिंकला, तेव्हा त्याचे अकराही खेळाडू ग्लासगोच्या सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. तो अभिमान निराळा आणि इंदूरचा निराळा. कॉम्प्टन पाहुणा होता, आला तसा गेला. नायडू मात्र राहिले. सत्तावन्नाव्या वर्षी, १९५२-५३ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने बंगालला नमवून चषक आणला. १९६७ साली त्यांनी देह ठेवला तोही इंदुरातच. त्यांना परके म्हणण्याचे धाडस तेथे कोण करील?

संस्थान १९४८ मध्येच विलीन झाले होते. संघाने आणखी काही वर्षे तग धरली. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून गेले. त्याच भूमीतील मध्य प्रदेशाच्या संघाने रणजी चषक प्रथम जिंकला तो जून २०२२ मध्ये, बंगळूर येथे, मुंबईला हरवून. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे. १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते याच मैदानावर हरले होते.