राणीची गाथा गाणाऱ्या सुभद्राबाई

भगिनींनो, झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची तांबे आणि सासरची नेवाळकर, म्हणजे मराठी घरची, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या समाधीवरची भा. रा. तांबे यांची कविता आपल्यापैकी कित्येकींनी पाठ केली असेल. परंतु उत्तर हिंदुस्थानात राणीचे नाव घरोघरच्या मुलांच्या तोंडी बसले ते एका हिंदी कवितेमुळे. ती कविता एका संसारी बाईने लिहिली. त्यांचे नाव सुभद्राकुमारी चौहान. राणीला आपण ओळखतो, पण तिची गाथा गाणाऱ्या या बाईंना ओळखत नाही, म्हणून हे चार शब्द. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; विद्वत्तेचा आव मला आणावयाचा नाही.

सुभद्राबाईंचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी अलाहाबादजवळ निहालपूर येथे झाला. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट शाळेच्या वसतिगृहात त्या सातवीत असताना, दोन वर्षे मागची एक मुलगी त्यांच्या खोलीत राहावयास आली. तू कविता करतेस का, असे विचारताच ती भिऊन नाही म्हणाली. सुभद्राबाईंनी तिच्या डेस्काची झडती घेतली, कवितांचे कागद बाहेर काढले आणि साऱ्या वसतिगृहाला दाखविले. ती मुलगी म्हणजे पुढे हिंदीत मोठे नाव मिळविलेल्या महादेवी वर्मा. ही आठवण महादेवींनीच लिहून ठेवली आहे.

१९१९ साली सुभद्राबाईंचे लग्न खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी झाले व पुढे जबलपूरला संसार मांडला. पतिपत्नी दोघेही गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीत पडली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरला अटक झालेल्या त्या पहिल्या स्त्री सत्याग्रही. १९४२ साली पुन्हा तुरुंगवास घडला. पाच मुलांचे करावे, सभांना जावे आणि त्यातूनच लिहावे, असा त्यांचा क्रम. ‘मुकुल’ हा कवितासंग्रह १९३० साली, तर ‘बिखरे मोती’ हे कथांचे पुस्तक १९३२ साली निघाले.

आता त्या राणीच्या कवितेविषयी. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीस पडली. परक्यांच्या राज्यात तिची थोरवी उघडपणे सांगणे सोपे नव्हते. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात स्वतः सापडले होते, पण त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो १९०७ साली. तोपर्यंत राणीला जिवंत कोणी ठेवले? बुंदेलखंडात हरबोले नावाचे गाणी म्हणत फिरणारे लोक असत, त्यांनी. सुभद्राबाईंनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. ही कथा आपण हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, हे त्यांनी कवितेच्या ध्रुपदातच सांगून टाकले. म्हणून ती कविता जितक्या वेळा म्हटली जाते, तितक्या वेळा त्या गरीब गाणाऱ्यांचे ऋणही फिटते. ज्याचे श्रेय त्यास देण्याचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर सुभद्राबाईंना फार दिवस लाभले नाहीत. त्या मध्यप्रांताच्या विधानसभेच्या सभासद होत्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेचाळीस. माझ्याच वयाच्या आसपासचे! १९७६ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

देशाची गाणी केवळ मोठ्या सभांत जन्मत नाहीत. ती दारावर येणाऱ्याच्या तोंडी असतात आणि स्वयंपाकघरातही लिहिली जातात. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांना प्रभातफेरीची गाणी, जात्यावरच्या ओव्या अजून येत असतील. त्यांच्यापाशी बसून त्या उतरून घ्या व कोणाकडून ऐकल्या तेही लिहा. आणि ज्या भगिनी स्वतः काही लिहून डब्यातळी दडवून ठेवीत असतील, त्यांनी ते मंडळात वाचून दाखवावे. नाहीतर आम्हांला झडती घ्यावी लागेल!