डेहराडून ते डहाणू

बोईसरच्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीने घरी सांगितलं, की मला नैसर्गिक साधनसंपत्तीचं संवर्धन शिकायचंय, तर पहिला प्रश्न ठरलेला: नोकरी कुठे लागेल? गंमत म्हणजे भारतात हे शिक्षण सुरू झालं तेच नोकरीसाठी. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवं होतं. १८६४ मध्ये वनखातं आलं. १८७८ मध्ये वनकायदा आला आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनशाळा निघाली. तिथे जंगल राखणारी माणसं घडली. पण राखायचं कोणापासून? बऱ्याचदा, त्यात राहणाऱ्यांपासूनच.

आपल्या पालघर भागात याचा अर्थ वारल्यांना चांगला कळला. जंगल सरकारचं, जमीन सावकाराची, त्यांच्या वाट्याला वेठबिगार. १९४५ मध्ये त्यांनी लढा उभारला आणि तो गवतकापणी-लाकूडतोडीच्या मजुरीपर्यंत नेला. जंगलाची माहिती त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, पदवी मात्र नव्हती.

१९९१ हे वर्ष लक्षात ठेवा. जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. नोव्हेंबरमध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवणं आवश्यक मानलं. पुढे पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. तोच तो ‘ईव्हीएस’, ज्याचा प्रोजेक्ट आदल्या रात्री पूर्ण होतो!

कागदावरच्या त्या ओळींनी काय फरक पडतो, ते बोईसरहून लोकलने एकच स्टेशन पुढे गेलं की दिसतं. वाणगावपासून डहाणू तालुका, चिकूच्या वाड्या. मागे तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ती ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरली.

पण ओळी बदलतातही. डहाणूसाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये, अटी घालून, परवानगी दिली. अशा निर्णयांआधी जाडजूड अहवाल लिहिले जातात: मासे किती, खाजण किती, नुकसान किती. ते लिहिणारे हा विषय शिकलेले असतात. किनाऱ्यावरचा मच्छीमार आणि पाड्यावरचा वारली जनसुनावणीला येतो, तेव्हा अहवाल तयार झालेला असतो.

म्हणून बोईसरच्या त्या मुलीने हा विषय जरूर घ्यावा. पाड्यावरच्या मुलीने तर घ्यावाच. मासे मोजायला तीच बसली, तर जाळं कुठे टाकतात हे तिला विचारावं लागणार नाही.