कुंपणावरचीं काळीं फळें

इंग्लंडांतील खेड्यांतून सप्टेंबर महिना संपत आला कीं एक जुना उद्योग सुरू होतो. शेतें कापून झालेलीं असतात, सकाळच्या हवेंत गारठा जाणवूं लागतो, आणि बायकामुलें टोपल्या घेऊन बांधाबांधानें हिंडूं लागतात. त्या देशांत पुष्कळ ठिकाणीं शेताच्या कडेला झुडपांचें जिवंत कुंपण असतें. कोंकणांत जिला वई म्हणतात, तिचाच हा विलायती प्रकार. या कुंपणांवर त्या सुमारास निळीं, जांभळीं व काळीं फळें लगडलेलीं असतात. कांहींचा मुरंबा होतो. कांहीं साखरेसह जिनमध्यें मुरत घातलीं जातात, आणि नाताळाच्या सुमारास माणकासारख्या लाल रंगाची गोड मदिरा, म्हणजे लिकर, पाहुण्यांपुढें येते. अशा घरगुती लिकरांत सर्वांत प्रसिद्ध ती स्लो-जिन.

परंतु फळ टोपलींत टाकण्यापूर्वीं हाताला क्षणभर थांबावें लागतें. कुंपणावरचें प्रत्येक काळें फळ कांहीं स्लो नसतें. कोणी त्याचा सख्खा भाऊ असतो, कोणी नुसतें सोंग घेतलेला परका, आणि कोणी तर प्रत्यक्ष प्राणघातक. 'हें फळ कोणतें?' हा साधा प्रश्न. पण त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो प्रश्न कधीं जिवाचा होता, कधीं व्यापारांतील सचोटीचा, तर कधीं शास्त्राचा. आणि प्रत्येक वेळीं अनुभव आला तो एकच, कीं रंगावर विसंबणारा फसतो.

स्लो हें ब्लॅकथॉर्न नांवाच्या कांटेरी झुडपाचें फळ. माणसाची आणि त्याची ओळख फार प्राचीन आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीजवळ, सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका पुरुषाचें शव बर्फांत सांपडलें. त्याच्याजवळ स्लोचें एक फळहि मिळालें. इंग्लंडांत सॉमरसेट परगण्यांतील ग्लास्टनबरीजवळ आर्थर बुलीड यांनीं १८९२ सालीं दलदलींत पुरलेलें लोहयुगांतील एक गांव शोधून काढलें. तेथेंहि स्लोच्या आठळ्या निघाल्या.

फळ असें जुनें. परंतु तें शेतकऱ्याच्या दाराशीं आलें तें कुंपणांमुळें. इंग्लंडांतील कांहीं कुंपणें मध्ययुगाइतकीं जुनीं आहेत. तथापि पुष्कळशीं उभीं राहिलीं तीं सामायिक जमिनी बंदिस्त करण्याच्या कायद्यांमुळें. १६०४ ते १९१४ या काळांत पार्लमेंटनें असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारें ६८ लक्ष एकर जमीन त्यांखालीं आली. त्यांतील बहुतेक कायदे १७५० नंतरच्या शंभर वर्षांतले. नव्या मालकांनीं सीमेवर मुख्यतः हॉथॉर्नचीं रोपें लावलीं; पांखरांनीं आणलेल्या बियांतून आणि जमिनीखालून फुटणाऱ्या धुमाऱ्यांतून ब्लॅकथॉर्ननेंहि त्यांत आपलें बस्तान बसविलें. गरिबाची गाय चारण्याची आणि सरपण वेंचण्याची जागा गेली. त्याच्या वांट्याला बांधावरचें फळ तेवढें राहिलें.

या फळांत विषहि होतें. जॉन जेरार्ड या वनस्पतिपंडितानें १५९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत विस्बेक गांवच्या तीन मुलांची हकीकत नमूद केली आहे. त्या मुलांनीं एका झाडाचीं सुंदर काळीं फळें खाल्लीं. दोघें आठ तासांच्या आंत मेलीं. तिसऱ्याला पाण्यांत मध कालवून पाजला, त्याला वारंवार वांत्या झाल्या आणि तो वांचला. तें झाड म्हणजे बेलाडोना, इंग्रजींत ज्याला 'डेडली नाइटशेड' म्हणतात तें. तें आपल्या बागेंत ठेवूं नये, असा जेरार्डनें लोकांना निक्षून उपदेश केला. त्या मुलांना फळाच्या रंगानें भुरळ घातली आणि त्याच्या गोडीनें सावध होऊं दिलें नाहीं. कारण बेलाडोनाचें फळ कडू नसतें, हीच त्यांतली खरी मेख आहे.

म्हणून जाणती माणसें फळाआधीं झाड पाहतात. स्लोचें झुडूप लांकडाळ, काळसर सालीचें असतें, आणि त्याच्या आंखूड फांद्यांचीं टोकेंच कांटे झालेलीं असतात. बेलाडोनाला लांकूड नाहीं आणि कांटाहि नाहीं. तिचे हिरवे दांडे हिंवाळ्यांत मरतात. तिचें फळ पॉलिश केल्यासारखें चकचकीत असून पांच पाकळ्यांच्या हिरव्या चांदणीवर बसलेलें असतें. स्लोवर मात्र द्राक्षावर असते तशी निळसर राख धरलेली असते; बोटानें पुसली कीं खालचा काळा रंग उघडा पडतो. कांट्यावरहि मात्र सर्व भिस्त ठेवतां येत नाहीं. कारण बकथॉर्न नांवाचें दुसरें एक झुडूप कुंपणांत वाढतें, त्यालाहि कांटे असतात आणि फळें काळींच असतात. त्याचीं वाटाण्याएवढीं फळें तीव्र रेचक आहेत. प्रिव्हेटचींहि काळीं फळें घोसाघोसानें येतात, तींहि विषारीच. अशा वेळीं शेवटचा निवाडा सुरी करते. फळ कापावें. आंत एकच टणक आठळी असेल तर तें स्लोच्या कुळांतलें असण्याचा संभव. बकथॉर्नमध्यें तीनचार बिया निघतात, बेलाडोनांत तर बारीक बियांचा खचच असतो. झाड, कांटा, राख आणि आठळी या चार साक्षींची जुळणी झाल्यावांचून फळ टोपलींत पडूं नये.

अठराव्या शतकांत हा प्रश्न जिवाकडून व्यापाराकडे वळला. स्लोचा रस गडद आणि तुरट. तांबड्या द्राक्षमद्याची नक्कल करणाऱ्यांना दुसरें काय हवें? लंडनमधील लबाड मद्यविक्रेते स्लोपासून बोर्दोचें मद्य निर्माण करतात, असा टोला जोसेफ ॲडिसननें १७१० सालींच 'टॅटलर' पत्रांत लगावला होता. फळाच्या पाठोपाठ पानेंहि या धंद्यांत शिरलीं. चीनमधून येणाऱ्या चहावर त्या काळीं जबर कर होता. म्हणून स्लो, ॲश आणि एल्डर या झाडांचीं पानें वाळवून, रंगवून चहा म्हणून विकलीं जात. १७७७ सालीं पार्लमेंटला या नकली चहाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १७८४ सालीं चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला, तेव्हां या लबाडींतला नफाहि बराच उतरला. तथापि ती समूळ गेली नाहीं. फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञानें १८२० सालीं खाद्यपेयांतील भेसळीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत स्लोच्या पानांचा चहा होताच. ज्या झुडपाची नीट ओळख पटवून घेणें खेड्यांत जीव वांचविण्यासाठीं आवश्यक होतें, तेंच शहरांत दुसऱ्याच्या नांवानें खपत होतें.

आतां राहिले स्लोचे सख्खे भाऊ. येथें चूक झाली तर जीव जात नाहीं, केवळ चव जाते. परंतु ओळखण्याची खरी कसोटी येथेंच लागते. स्लोचें फळ लहान, जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचें, आणि इतकें तुरट कीं जीभ आखडून येते. बुलेसचें फळ गोल, पण त्याच्या जवळजवळ दुप्पट. तें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिकतें, झाडाला कांटे क्वचित्, आणि कोंवळ्या डहाळ्यांवर लव. डॅम्सन लंबगोल आणि सप्टेंबरांत तयार होणारें. त्याचें नांव दमास्कस शहरावरून पडलेलें आहे. चेरी-प्लमचीं फळें जुलै-ऑगस्टांतच तांबडीं किंवा पिवळीं होऊन गळतात, आणि त्याच्या नव्या डहाळ्या हिरव्या व तुकतुकीत असतात. शहाणा फळवेंच्या तर वसंतांतच खूण करून ठेवतो. चेरी-प्लम सर्वांआधीं फुलतो. ब्लॅकथॉर्न मार्च-एप्रिलांत उघड्या काळ्या फांद्यांवर पांढराशुभ्र बहर धरतो, पानें मागाहून येतात. बुलेस व डॅम्सन यांचीं फुलें बहुधा पालवीबरोबरच उमलतात.

इतकें सांगूनहि पुष्कळ झुडपें या व्याख्यांना दाद देत नाहींत. लिनियसनें १७५३ सालीं स्लोला आणि बागेंतल्या प्लमला, व १७५५ सालीं बुलेसला, निरनिराळीं शास्त्रीय नांवें दिलीं. पण निसर्गानें त्या भिंती पाळल्या नाहींत. स्लो आणि बागेंतला प्लम यांचा संकर कुंपणांत आपोआप होतो, आणि मग फळ स्लोहून मोठें, बुलेसहून लहान असें मधलेंच निघतें. याचें मर्म १९३० नंतरच्या दशकांत उलगडूं लागलें. प्रत्येक सजीवाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते; चेरी-प्लममध्यें ती १६, स्लोमध्यें ३२ आणि बागेंतल्या प्लममध्यें ४८ आहे. रिबिन या रशियन शास्त्रज्ञानें चेरी-प्लम व स्लो यांचा संकर करून ४८ गुणसूत्रांचें झाड मिळविलें. या वंशावळीच्या तपशिलाबद्दल पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण हीं एकाच घराण्यांतलीं माणसें आहेत याबद्दल वाद नाहीं. खेडुताला जें वेगळें ओळखतां येत नव्हतें, तें पुष्कळदां खरोखरच वेगळें झालेलें नव्हतें.

लिकर करणाऱ्या गृहिणीला हा भेद व्यवहारांत पुरेसा कळतो. घरीं मद्य गाळणें ब्रिटनमध्यें परवान्यावांचून गुन्हा आहे; परंतु बाजारांतून आणलेल्या, कर भरलेल्या जिनमध्यें फळें मुरविणें हें गाळणें नव्हे. स्लो साडेचारशें ग्रॅम, साखर त्याच्या निम्मी आणि जिनची सत्तर सेंटिलिटरची एक बाटली, असें साधारण प्रमाण आहे. फळें पहिल्या थंडीच्या कडाक्यानंतर तोडावींत असा संकेत आहे, आणि प्रत्येक फळाला त्याच झुडपाच्या कांट्यानें टोंचावें अशी रीत आहे; दोहोंचा हेतु एकच, कीं साल फुटून रस बाहेर यावा. निदान तीन महिने तरी तें मुरूं द्यावयाचें. आठळ्या फोडावयाच्या नाहींत. त्यांतील गरांत विषारी द्रव्याचें मूळ असतें. डॅम्सन किंवा बुलेस घातल्यास साखर कमी लागते. स्लोची मात्रा त्यांना लावली तर मदिरा गोडमिट्ट होते आणि स्लोचा तो रांगडा तुरटपणा तिच्यांत उतरत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत या चैनीला खीळ बसली. जानेवारी १९४० पासून सप्टेंबर १९५३ पर्यंत साखर नियंत्रित होती. तरीहि कुंपणाची किंमत त्याच दिवसांत अधिक कळली. परदेशी संत्रीं येईनाशीं झालीं, तेव्हां १९४१ पासून 'क' जीवनसत्त्वासाठीं रानगुलाबाचीं फळें गोळा करण्याची मोहीम सरकारनें चालविली, आणि शाळेंतल्या मुलांच्या टोळ्या बांधाबांधानें फिरूं लागल्या. मात्र युद्ध संपल्यावर धान्योत्पादन वाढविण्याच्या घाईंत आणि मोठ्या यंत्रांना वाट करून देण्यासाठीं मैलचे मैल कुंपणें उपटलीं गेलीं; त्यासाठीं सरकारी पैसाहि मिळत असे. १९९७ च्या नियमांनीं इंग्लंड व वेल्समधील तीस वर्षांहून जुनीं, महत्त्वाचीं कुंपणें परवानगीवांचून काढण्यास बंदी झाली. त्याआधींच, १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानें, रानांत आपोआप वाढलेल्या झुडपाचें फळ विक्रीसाठीं नव्हे तर घरच्यासाठीं तोडणें ही चोरी नव्हे, हें मान्य केलें होतें. ज्या पार्लमेंटनें सामायिक जमीन कुंपणाआड घातली, त्याच पार्लमेंटनें कुंपणावरचें फळ वाटसरूला मोकळें ठेवलें.

कायदा फळ तोडूं देतो. तें ओळखून देत नाहीं. तें काम ज्यानें त्यानेंच करावयाचें असतें, आणि तें कुंपणाशीं उभें राहिल्यावांचून साधत नाहीं. विस्बेकच्या त्या तिसऱ्या मुलाला मधाच्या पाण्यानें वांचविलें. उरलेल्या दोघांना वांचविण्यास, हीं फळें खाऊं नका, एवढेंच सांगणारें कोणी जवळ असतें तरी पुरें होतें.