दाखल-खारीज रजिस्टरातील एक शब्द

वाशिम जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावरचा विद्यार्थी जात-पडताळणीचा अर्ज भरायला घेतो, तेव्हा त्याला आधी आजोबांचा शोध घ्यावा लागतो. आजोबा ओट्यावर बसलेले असले तरीही. समितीला माणूस नको असतो, कागद हवा असतो; आणि विमुक्त जातींच्या बाबतीत तो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा असला तर उत्तम. मग जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर निघते, कोतवाल बुकाची नक्कल काढली जाते. त्या पिवळ्या पानावर, जातीच्या रकान्यात, कोण्या मास्तरांनी टाकाने लिहिलेला एक शब्द सापडतो : ‘लमाण’. कधी ‘लमाणी’, कधी ‘बंजारी’. नशीब खोटे असेल तर ‘वंजारी’. वंजारी हा आज राज्याच्या यादीत वेगळा समाज आहे, वेगळ्या प्रवर्गात. त्यामुळे मास्तरांच्या कानाने केलेली एका अक्षराची चूक साठ-सत्तर वर्षांनी नातवाच्या वाट्याला येते.

याच नातवाला बाजारात कोणी ‘ए लमाण्या’ अशी हाक मारली, तर तो उलटून पडेल, आणि त्याने उलटून पडणे योग्यच आहे. शब्द जवळपास तोच. एके ठिकाणी तो शिवी आहे, दुसऱ्या ठिकाणी प्रवेशाची किल्ली. जातिवाचक आणि वंशवाचक नावांविषयी आज समाजमाध्यमांवर जे वाद झडतात, त्यांत ‘हा शब्द वाईट आहे की चांगला’ एवढाच प्रश्न विचारला जातो. आजच्या थ्रेडमध्ये वेगळा प्रश्न घेऊ : हे नाव लिहिले कोणी, कोणत्या वहीत, आणि ज्याचे नाव लिहिले त्याला विचारले होते का?

या समाजाचे स्वतःचे नाव ‘गोर’. बोली गोरबोली. बाहेरचे सारे ते ‘कोर’. बाकीची नावे बहुतांशी बाहेरून आली आणि धंद्यावरून आली. बंजारा या नावाचा संबंध वाणिज्याशी जोडला जातो, लमाण या नावाचा लवणाशी, म्हणजे मिठाशी. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर घाटावर चढवायचे आणि परतीला धान्य न्यायचे, हा त्यांचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. फौजांना रसद पुरवणे हा दुसरा. १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला, आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई आणि पाठोपाठ गाविलगडाचा वेढा झाला, त्या मोहिमेतील त्याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. उच्चार मोडका, पण सूर गरजवंताचा : ब्रिंजारी आले का, धान्य किती आणले, दुसऱ्याकडे तर वळले नाहीत ना. त्या वर्षी हे नाव कोणाला अपमानास्पद वाटण्याचे कारण नव्हते. ज्याच्यावाचून फौज उपाशी मरते, त्याचे नाव आदबीनेच घेतले जाते.

१८६७ साली आगगाडी भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरपर्यंत पोहोचली. हजारो बैलांचा तांडा आठवड्यांनी जिथे पोहोचे, तिथे मालगाडी दोन दिवसांत जाऊ लागली. मिठाच्या व्यापारावरही सरकारी पकड घट्ट होत गेली. लदेणीचा धंदा संपत आला. माणसे मात्र होती तशीच राहिली, रस्त्यावर, गुरांसह, आणि आता सरकारच्या दृष्टीने निष्कारण फिरणारी.

याच सुमारास वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयी एक इंग्रजी प्रबंधिका तयार झाली. ती १८६९ च्या आसपास लिहिली गेली आणि १८८२ मध्ये पुन्हा छापली गेली, असे मानले जाते. लेखक कंबरलेज. भाषापंडित नव्हे, मिशनरी नव्हे. वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी. पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींचा जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील बंजारा प्रकरण मुख्यतः याच प्रबंधिकेवर उभे आहे, आणि तिथे बंजारा व वंजारी ही नावे एकाच शीर्षकाखाली येतात. मास्तरांच्या कानाला एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही.

या प्रबंधिकेत एक दंतकथा नोंदवलेली आहे. मोगल सरदार असफखानाच्या दख्खन मोहिमेत रसद पुरवणाऱ्या भांगी आणि जांगी या नाईकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला : कुठलेही पाणी घ्यावे, छपराचे गवत घ्यावे, आणि दिवसाचे तीन खून माफ. तांड्याने ही कथा सांगितली असेल ती अभिमानाने, आपल्या पूर्वजांवाचून बादशाहीचे पान हलत नव्हते हे ठसवण्यासाठी. ऐकणारा मात्र पोलीस होता. त्याच्या कानाला त्यातला मान ऐकू आला असेल की खून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ झाला. आरंभी तो उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढली. एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारकडे, आणि त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद नाही. नोंदलेल्या माणसाने हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचे नाही, बोटांचे ठसे द्यायचे. हा कायदा सर्वत्र सारखा लागू झाला नाही. एकच समाज एका प्रांतात नोंदला गेला, शेजारच्या प्रांतात सुटला. पण नाव सरहद्द पाळत नाही. जिथे नोंद नव्हती, तिथेही संशय पोहोचला. १९४९ मध्ये अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. तेव्हापासूनचे नाव ‘विमुक्त’. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जाती आहेत, बंजारा त्यांतली एक. काही जण ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून उत्साहाने पाळतात. काहींना हे नावही टोचते, कारण ‘सुटलेला’ म्हटले की कशातून, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. माझ्या मते दोघांचेही खरे आहे.

चांगल्या हेतूने दिलेले नावही टोचते याचा नमुना १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत दिसला. लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा काँग्रेस सरकारचा प्रस्ताव होता. शब्दामागे गांधीजींची कळकळ होती, याविषयी शंका नाही. भाऊराव गायकवाड आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विरोध केला. ज्यांना नाव द्यायचे, त्यांना ते नको असेल तर ते लादू नका, एवढी साधी मागणी होती. बहुमताने ती फेटाळली आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. देणाऱ्यांनी गौरव म्हणून दिले, घेणाऱ्यांनी नाकारले, आणि कायद्यात गेले ते देणाऱ्यांचेच.

पण ‘ज्यांचे नाव त्यांना विचारा’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण ते सगळे एकच उत्तर देत नाहीत. २०१८ मध्ये ‘दलित’ शब्द शासकीय व्यवहारातून आणि प्रसारमाध्यमांतून वगळावा यासाठी नागपूर खंडपीठात याचिका चालली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना तशी सूचना धाडली. याचिका आंबेडकरी कार्यकर्त्याची. आणि ज्यांनी विरोध केला, त्यांत १९७२ च्या दलित पँथरचा वारसा सांगणारेही होते. २०२० च्या डिसेंबरात राज्य शासनाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे द्यायचे ठरवले. ‘वाडा’ गावकुसाबाहेरचा होता, तो पत्त्यातून जावा हे समजण्यासारखे आहे. ‘तांडा’ मात्र लोकांनी टिकवला. तो त्यांचा चालता मुलूख होता, त्याचा नाईक त्यांचा होता. आत्माराम राठोड यांनी आत्मकथनाला नाव दिले तेच ‘तांडा’. लक्ष्मण गायकवाड तर याहून पुढे गेले. पोलिसांच्या आणि गावाच्या तोंडी जो शब्द शिवीसारखा होता, तोच त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला : ‘उचल्या’. १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि शब्द व्यासपीठावरून उच्चारावा लागला.

युरोपातही हेच घडले आहे. तिथल्या भटक्यांना लोक इजिप्तहून आलेले समजले आणि ‘जिप्सी’ म्हणू लागले. १९७१ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमानी परिषद भरली. तिने बाहेरच्यांनी दिलेली नावे नाकारून ‘रोमा’ हे नाव स्वीकारले. तरी इंग्लंडमधील काही कुटुंबे आजही स्वतःला अभिमानाने जिप्सीच म्हणवतात. आपल्याकडील सचित्र पुस्तके बंजाऱ्यांना ‘भारताचे जिप्सी’ म्हणून मोकळी होतात, म्हणजे एका चुकीच्या नावाने दुसऱ्याची ओळख करून देतात, ते निराळेच.

प्रस्तुत लेखक गोरांच्या हिशेबात ‘कोर’. हा शब्द मला कधी खुपला नाही. यात माझ्या सहनशीलतेचे कौतुक नको. ‘कोर’ म्हणून कोणाची हजेरी ठाण्यात कधी लागली नाही, कोणाचा तांडा त्या नावामुळे गावाबाहेर हाकलला गेला नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातील गोर समाज तिथे येतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. तिथे जमणारी माणसे एकाच देवाला नवस बोलतात, पण कागदावर ती एक नाहीत. तेलंगणातून आलेला लंबाडा अनुसूचित जमातीत, कर्नाटकातला लंबाणी अनुसूचित जातीत, वाशिमचा बंजारा विमुक्त जाती ‘अ’मध्ये. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी करणारे बंजारा समाजाचे मोर्चे निघाले आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. ज्या वसाहती नोंदींनी या माणसांना रकान्यांत कोंबले, त्याच नोंदींच्या छायाप्रती आता मोर्चेकऱ्यांच्या पिशवीत असतात. दाखल-खारीज रजिस्टरातले ते पान शोधणारा नातूही ‘लमाण’ हा शब्द दिसला की त्यावर बोट ठेवतो, लिपिकाला दाखवतो, आणि अक्षर नीट उमटले आहे ना, हे पाहून खरी प्रत मागतो.