पांढरी वाइन आणि नगरचे ऊन

फ्रान्सची उंची पांढरी वाइन बाटलीत भरली म्हणजे तयार झाली, असे नसते. बर्गंडीतील शाब्ली, म्योर्सो किंवा मोंराशे, अथवा ल्वार नदीकाठची व्हुव्रे चांगल्या हंगामाची असेल, तर दहा-वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ तळघरात पडून राहते आणि त्या काळात हळूहळू बदलते. तिचा हिरवट-पिवळा रंग सोनेरी होतो. हिरवे सफरचंद आणि लिंबू यांचा वास मागे पडून मध, बदामाच्या जातीचा सुका मेवा, कधी ओल्या अळंबीचा वास पुढे येतो. आंबटपणा मात्र टिकून राहावा लागतो, कारण म्हातारपणी वाइनला उभे ठेवतो तो तोच. अशा साठवणीला अंधार लागतो, हवेत सुमारे ७० टक्के ओलावा लागतो, बूच वाळू नये म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते आणि तापमान वर्षभर १० ते १३ अंशांच्या दरम्यान स्थिर लागते. पहिल्या तीन गोष्टी कुठेही जुळवता येतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात या वाइनचा इतिहास घडला आणि अडला तो चौथ्या गोष्टीपाशी.

याचे कारण जमिनीतच आहे. आठ-दहा मीटर खोलीवर जमिनीला उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही; तिथले तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतके असते. बर्गंडीतील दिजाँ शहराची सरासरी ११ अंशांच्या आसपास आहे. तिथे माणसाने फक्त खणायचे, बाकीचे काम जमीन करते. शँपेन प्रांतातील राँस शहराखालच्या खडूच्या खाणी आणि व्हुव्रेजवळच्या चुनखडीच्या गुहा वाइनसाठी खोदल्याच नव्हत्या. दगड काढून झाल्यावर त्या आयत्या मिळाल्या. नगरची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या घरात आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. इथले तळघर वरच्या खोलीपेक्षा थंड लागते खरे, पण ते २५ अंशांखाली फारसे उतरत नाही. दख्खनमध्ये भूमिगत साठवण अजिबात नवी नाही. ज्वारीची पेवे शेकडो वर्षे वापरात होती. मात्र धान्याला कोरडेपणा पुरतो, गारव्याची त्याला गरज नसते. त्यामुळे पेव खणणाऱ्या मुलखात वाइनचे तळघर जन्माला आले नाही, यात कौशल्याची उणीव शोधण्याचे कारण नाही.

द्राक्षांची उणीव तर नव्हतीच. चौदाव्या शतकात दौलताबाद पाहिलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली असून ही फळे वर्षातून दोनदा येतात, असे तो सांगतो. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो. दख्खनचा वेल झोपत नाही; त्याला थांबवायचे आणि जागे करायचे काम कात्रीने होते. आजही द्राक्षबागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. तीच जुनी दोन बहरांची शक्यता त्याने एका पिकासाठी वळवून घेतली आहे. मलिक अहमदने १४९० च्या सुमारास अहमदनगर वसवले आणि १४९९ मध्ये दौलताबादही निजामशाहीत आले, तेव्हा द्राक्षांचा हा मुलूख एका राज्याखाली आला.

निजामशाहीने गारवा निर्माण केला तो पाण्याच्या जोरावर. दूरवरून नळांनी पाणी आणून शहराभोवती बागा उठवल्या गेल्या. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध उभा होता आणि चारी बाजूंच्या पाण्यावरून येणारा वारा त्याच्या उंच दालनांतून खेळत असे. नगरची कोरडी हवा या युक्तीला अनुकूल आहे; पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, माठात होते तेच. पण असा गारवा माणसाला सुखावतो. दहा वर्षे स्थिर राहण्याचा गुण त्याच्यात नसतो, आणि पावसाळ्यात हवा ओली झाली की तो जातोच. निजामशाहीचे बंदर चौल होते आणि १५२१ पासून तिथे पोर्तुगिजांचा तळ होता. त्यांच्या जहाजांतून युरोपची वाइन हिंदुस्थानच्या किनाऱ्याला येई. सुरतेच्या वखारींत इराणातल्या शिराझची वाइन ओळखीची होती. ही मद्ये येत आणि संपत. वर्षानुवर्षे ठेवून देण्याचा विचार या हवेत कोणी केला नसावा.

फ्रेंच माणसे नगरला पोचली ती वाइनच्या निमित्ताने नव्हे, तोफा-बंदुकांच्या. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने आधी पेठ आणि मग किल्ला शिंद्यांकडून घेतला, तेव्हा पेठेच्या बचावात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचे पायदळ होते. पुढे नगर हे इंग्रजांचे लष्करी ठाणे झाले. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेजावर त्या काळी बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनपेक्षा मदिराला मान होता, आणि त्याला पक्के कारण होते. मदिरा बेटावरची ही वाइन मुद्दाम तापवलेली आणि वरून स्पिरिट घालून जड केलेली असते. उष्ण कटिबंधातून जहाजाच्या पोटात फिरून आली की ती अधिक चांगली लागते, हे व्यापाऱ्यांना अनुभवाने कळले होते. ज्या उन्हाने शाब्ली मरते त्या उन्हात मदिरा सुधारते. छावणीतल्या रसिकांनी हवेशी भांडण न करता हवेला मानवणारी बाटली निवडली, हे शहाणपणच म्हणायचे.

हलकी पांढरी वाइन आलीच, तर ती पिण्यापुरती गार करण्याचे काम आबदाराकडे असे. सोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवली की ती थंड होते. सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त नोंदवली आहे आणि इंग्रजांच्या घरांतला आबदार तीच रीत पुढे चालवत होता. १८३० च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने बर्फ कलकत्त्याला आणि मुंबईला येऊ लागला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर नगर मुंबईशी रेल्वेने जोडले गेले. एव्हाना पेला गार करता येत होता. पण पेला गार करणे एका संध्याकाळचे काम आहे आणि तळघर गार ठेवणे पिढीचे.

योगायोगाने त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. मद्य गाळणे सरकारी देखरेखीखाली आले आणि दारू हा महसुलाचा विषय झाला. पुढल्या पन्नास वर्षांत जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पाटाच्या पाण्याने पालटले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या पाटांखाली ऊस आला आणि गोदावरीच्या पाटांनी कोपरगाव-राहात्याची जमीन भिजू लागली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. महादेव दहाणूकर यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी स्थापली आणि तिच्या वसाहतीला टिळकनगर नाव मिळाले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. एकाच गोदावरीच्या पाण्यावर वरच्या अंगाला निफाडमध्ये द्राक्ष पिकले आणि खालच्या अंगाला कोपरगावात ऊस. नगर जिल्ह्याची मद्याची वाट या फाट्यावर ठरली. साखरेमागे मळी उरते, मळीपासून अल्कोहोल निघते, आणि अल्कोहोलला तळघराची गरज नसते.

टिळकनगरला पुढे साखर मागे पडली आणि मद्य पुढे आले. टिळकनगर इंडस्ट्रीजची मॅन्शन हाउस ब्रँडी आज दक्षिणेकडच्या राज्यांत मोठ्या प्रमाणात खपते. ब्रँडी हे पांढऱ्या वाइनचेच दूरचे अपत्य. फ्रान्सच्या कोन्यॅक भागात उग्नी ब्लां या द्राक्षाची पातळ, आंबट, जेवताना कोणी कौतुकाने पिणार नाही अशी वाइन करतात. ती दोनदा गाळतात आणि ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात. भारतीय ब्रँडीत बहुतेक वेळा मळीचे स्पिरिट अधिक आणि द्राक्षाचे कमी असते, तेव्हा हे नाते ताणूनच सांगावे लागते. तरी उष्णतेचा हिशेब इथेही सुटत नाही. कोन्यॅकच्या कोठारातल्या पिंपांतून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते; भारतातल्या उष्ण भागात ही घट त्याच्या कितीतरी पट होते. इथे पिंप लवकर मुरते आणि लवकर रिकामे होते. एकदा बाटलीत भरलेली ब्रँडी मात्र नगरच्या मेमध्ये दुकानाच्या फळीवर उभी राहिली, तरी तिचे काही बिघडत नाही. पांढऱ्या वाइनला हे जमणारे नाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळाच व्यवहार आक्रसला. पुढच्या दशकांत बंदी सैल झाली, तरी कायदा आणि पिण्याचा परवाना ही पद्धत कागदावर आजही आहे. वाइनकडे शेतीमालाची प्रक्रिया म्हणून पाहण्याची दृष्टी यायला १९८० चे दशक उजाडले. अकोले, संगमनेर आणि पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी पीपर-हाइडसिक या फ्रेंच शँपेन घराण्याच्या तांत्रिक मदतीने फसफसणारी पांढरी वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. चौगुले यांची ही इंडेज कंपनी दोन दशकांनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. तोवर नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावून २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली होती. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले, एक नाशिक जिल्ह्यात आणि एक सांगलीत. नगरच्या वाट्याला काही आले नाही. उसाच्या जिल्ह्याने त्याची फार खंत केल्याचेही दिसत नाही.

या वायनरींनी गारव्याचा प्रश्न सोडवला तो विजेने. जानेवारी ते मार्चच्या तोडणीत घड रात्री किंवा पहाटे काढतात, रस लगेच थंड करतात आणि ज्यांच्या दुहेरी भिंतींतून गार द्रव फिरतो अशा स्टीलच्या टाक्यांत सावकाश आंबवतात. शेनिन ब्लां इथे रुळले. बर्गंडीचे शार्दने तितके रुळले नाही. या शेनिनमुळे तुलना सोपी होते, कारण व्हुव्रेची वाइनही याच द्राक्षाची. ल्वारकाठी मणी शरद ऋतूत थंड रात्रींत सावकाश पिकतो, त्याचा आंबटपणा शाबूत राहतो आणि चांगल्या वर्षाची व्हुव्रे तीस-चाळीस वर्षेही टिकते. दख्खनमध्ये मणी पिकतो तो चढत्या उन्हात. साखर भराभर भरते आणि मॅलिक आम्ल जळून जाते. चाखताना हा फरक नाकाआधी जिभेच्या कडांना कळतो. नाशिकची शेनिन पहिल्या वर्षी पेरू, अननस आणि खरबुजाच्या वासाची, किंचित गोडसर, मोकळी लागते. दोन वर्षांनी तो वास ओसरतो आणि त्याच्या जागी नवे काही येत नाही. म्हणून ती बुचाऐवजी फिरकीच्या झाकणाने बंद करतात आणि ताजी प्यायला सांगतात. यात कमीपणा मानायचे कारण नाही. फ्रान्समध्येही बहुतेक पांढरी वाइन पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपते. ठेवण्याजोगी थोडीच असते. त्या थोड्यांचाही भरवसा नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीच्या कित्येक महागड्या बाटल्या उत्तम तळघरात असूनही अकाली तपकिरी पडल्या. बूच, गंधकाचे प्रमाण की द्राक्ष पिळण्याची पद्धत, यावर तिथल्या जाणकारांचे एकमत झालेले नाही.

परदेशातून आणलेली अशी बाटली नगर परिसरात ठेवायची, तर विजेच्या कपाटाला पर्याय नसतो. वाइनवरचे आयातशुल्क अनेक वर्षे १५० टक्के असल्याने ती मुळातच महाग पडते. भारनियमनाच्या वर्षांत तर असे कपाटही नावापुरते थंड राहिले असते. उन्हाने बिघडलेली बाटली उघडण्याआधीच ओळखू येते. द्रव प्रसरण पावून बूच किंचित वर आलेले असते आणि त्याच्या कडेने ओघळाचा डाग दिसतो. पेल्यात रंग सोनेरी नव्हे, तर चहाच्या पाण्यासारखा उतरतो आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा येतो. आंबटपणा शिल्लक असतो, फळ गेलेले असते.

वाइनचा प्रश्न जिल्ह्यात पुन्हा ऐरणीवर आला तो जानेवारी २०२२ मध्ये. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. द्राक्षउत्पादकांचे हित हे सरकारचे म्हणणे होते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे १९७० च्या दशकात दारूभट्ट्या बंद करून उभे राहिलेले गाव. तिथून अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली. सरकारने लोकांची मते मागवण्याचे कबूल केल्यावर आदल्या दिवशी ग्रामसभेच्या आग्रहावरून ते स्थगित झाले आणि निर्णयाची अंमलबजावणीही थांबली. या मुलखात गाव मद्याबद्दल मत देते तेव्हा मतपत्रिकेवर बाटलीचेच चित्र असते. २००८ च्या नियमांनुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. बर्गंडीच्या तळघरात आडवी बाटली म्हणजे पुढल्या वीस वर्षांची तरतूद, हे त्या मतदारांना सांगून फारसा उपयोग झाला नसता; त्यांच्यापुढचा प्रश्न देशी दारूचा होता, आणि देशी दारू ठेवण्यासाठी कोणी विकत घेत नाही.